स्टेडियमच्या जागा वाढवायच्या की सामन्याची वेळ आधी ठरवायची? (अमेरिकन विद्यापीठांतील खेळ आणि प्रेक्षक)

प्रश्न – कॅम्पसशेजारी

नमस्कार. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात शिकवतो आणि गेल्या सेमिस्टरपासून प्राध्यापकांच्या एका सल्लागार समितीवर आहे. आमच्या क्रीडा विभागाने फुटबॉल स्टेडियमच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव मांडला असून त्यावर आम्हाला तीन आठवड्यांत मत द्यायचे आहे. (फुटबॉल म्हणजे येथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.) पश्चिमेकडचा जुना स्टँड पाडून तेथे काचेचे बंदिस्त कक्ष आणि पाठ टेकता येईल अशा खुर्च्या करायच्या, शिवाय उत्तर टोकाला नवा स्टँड उभारून काही हजार जागा वाढवायच्या, असा तो प्रस्ताव आहे. खर्चाचा काही भाग विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून भागवला जाणार आहे आणि म्हणूनच हे प्रकरण आमच्यापर्यंत आले.

माझी अडचण अशी की जागा वाढवायच्या म्हणतात, पण आहेत त्याच जागा भरत नाहीत, हे मी दर हंगामात डोळ्यांनी पाहतो. गेल्या नोव्हेंबरमधला एक सामना बुधवारी रात्री साडेसातला ठेवला होता. मी पूर्वेकडच्या विसाव्या रांगेत होतो. तेथे अजून ॲल्युमिनियमचे लांब बाक आहेत आणि त्यांवर दर अठरा इंचांवर जागेचा क्रमांक रंगवलेला आहे. त्या रात्री बाकांवर दहिवर धरले होते आणि ज्यांनी घरून जाड पांघरुणे आणली होती त्यांनाच काय ते बसवत होते. माझ्या रांगेत पाच क्रमांकापासून चोवीस क्रमांकापर्यंत आम्ही तिघे जण होतो. विद्यार्थ्यांचा विभाग सुरुवातीला निम्मा भरलेला होता. मध्यंतरातले बँडचे संचलन संपले आणि त्यातलेही निम्मे उठून गेले. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकसंख्या म्हणून जो आकडा छापून आला, तो मी पाहिलेल्या दृश्याच्या किमान दुप्पट होता.

आता याच स्टेडियममधला सप्टेंबरमधला पहिला शनिवार घ्या. दुपारी अडीचचा सामना होता, हवा चांगली होती आणि सकाळी दहापासून वाहनतळावर माजी विद्यार्थ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. दुसऱ्या सत्रापर्यंत एक बाक रिकामा दिसत नव्हता. म्हणजे लोकांचा खेळावरचा जीव उडाला, असे मला मुळीच वाटत नाही.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे ते एवढेच की सामन्याचा वार आणि वेळ नेमके कोण ठरवते आणि विद्यापीठाला त्यात कितपत बोलता येते. जाहीर होणारा प्रेक्षकांचा आकडा कशाचा असतो. आणि अशा स्थितीत जागा वाढवणे योग्य की कमी करणे. ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहिले तर माझे मत केवळ एका थंड रात्रीच्या आठवणीवर उभे राहणार नाही.

उत्तर १ – तिकीटखिडकी

मी एका मोठ्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात अकरा वर्षे तिकीटविक्रीचे काम केले आहे. आपला प्रश्न तीन भागांत असला तरी मूळ एकच आहे, म्हणून आधी वेळेविषयी लिहितो.

सामन्याचा प्रतिस्पर्धी आणि तारीख बहुतेक वेळा कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे आधी ठरलेली असते. सुरू होण्याची वेळ मात्र दूरचित्रवाणी वाहिनी ठरवते. विद्यापीठे ज्या गटात खेळतात, म्हणजे ज्याला येथे कॉन्फरन्स म्हणतात, तो गट आपल्या सर्व सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्रितपणे विकतो आणि करारातच वाहिन्यांना वेळ निवडण्याचा अधिकार दिलेला असतो. शनिवारच्या सामन्याची वेळ सर्वसाधारणपणे बारा दिवस आधी, सोमवारी कळते. वाहिनीला तेवढ्यातही निर्णय करायचा नसेल, तर ती काही सामने राखून ठेवते आणि मग सहा दिवस आधी वेळ जाहीर होते. आधीच्या शनिवारी कोण जिंकले, कोण हरले हे पाहून रंगतदार सामना चांगल्या वेळेला लावता यावा, असा त्यामागचा हिशेब आहे. वाहिनीच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण दोनशे मैलांवरून मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला सामना दुपारी बाराला आहे की रात्री साडेसातला, हे सहा दिवस आधी कळते, तेव्हा हॉटेलची खोली घ्यायची की नाही, रविवारी पहाटेपर्यंत गाडी चालवायची की नाही, हे सगळेच अधांतरी राहते. तिकीट नूतनीकरणाच्या वेळी आम्ही दूरध्वनी करत असू, तेव्हा सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार तिकिटाच्या दराची नव्हती, याचीच होती.

हे असे नेहमीच नव्हते. १९५० च्या दशकापासून एनसीएए ही विद्यापीठीय खेळांची शिखर संस्था प्रक्षेपणावर कडक मर्यादा घालत होती आणि त्यामागे तिचे सांगणे हेच होते की सामना घरबसल्या दिसू लागला तर मैदानातली गर्दी कमी होईल. १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या नियमानुसार कोणत्याही विद्यापीठाला दोन वर्षांत मिळून सहापेक्षा जास्त वेळा दूरचित्रवाणीवर येता येत नसे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी एनसीएएची ती योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. प्रेक्षक वाचवण्यासाठी प्रक्षेपण रोखावे लागते, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते, हे मला नेहमी लक्षणीय वाटत आले आहे. त्या निकालानंतर हक्क विद्यापीठांच्या आणि कॉन्फरन्सच्या हाती आले, पैशाचा ओघ सुरू झाला आणि वेळ हातची गेली.

आता आपल्या बुधवारविषयी. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यामुळे व्यावसायिक लीगला, म्हणजे एनएफएलला, सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारी रात्री आणि शनिवारी शालेय व महाविद्यालयीन सामन्यांवर आपले प्रक्षेपण लादता येत नाही. त्यामुळे शुक्रवार शाळांचा, शनिवार विद्यापीठांचा आणि रविवार एनएफएलचा अशी वाटणी झाली. पुढे एनएफएलने सोमवार घेतला, गुरुवारही घेतला. राहता राहिले मंगळवार आणि बुधवार. शनिवारच्या गर्दीत ज्या लहान कॉन्फरन्सकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, त्यांना हे दोन रिकामे दिवस देशभर दिसण्याची संधी वाटले. मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचे नोव्हेंबरमधले मंगळवार-बुधवारचे सामने त्यासाठी प्रसिद्धच आहेत. प्रेक्षक घरी वाढतात आणि बाकांवर घटतात. कॉन्फरन्सने हा सौदा डोळे उघडे ठेवून केलेला असतो. फक्त ज्यांच्या शुल्कातून स्टेडियम चालते त्यांना तो कोणी समजावून सांगत नाही, आणि ते मला खटकते.

आकड्याविषयी थोडक्यात सांगतो. जाहीर होणारी संख्या बहुधा वितरित तिकिटांची असते. विकलेली, वाटलेली, प्रायोजकांना दिलेली, विद्यार्थ्यांसाठी राखलेली अशी सगळी तिकिटे त्यात येतात. काही ठिकाणी बँड, खेळाडू आणि विक्रेतेही धरतात. प्रवेशद्वारावर यंत्राने वाचलेल्या तिकिटांचा आकडा वेगळाच असतो आणि तो छापला जात नाही. वॉल स्ट्रीट जर्नलने सरकारी विद्यापीठांच्या नोंदी मागवून २०१७ च्या हंगामाचा हिशेब केला, तेव्हा दारावरचा आकडा जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्के निघाला. फुगवण्यामागे एक कारणही होते. सर्वोच्च विभागात टिकण्यासाठी घरच्या सामन्यांना सरासरी १५ हजार प्रेक्षक हवेत, असा एनसीएएचा नियम अलीकडेपर्यंत होता आणि लहान विद्यापीठे तो कागदोपत्री कसाबसा पाळत. आपल्या समितीने पहिली मागणी दारावरच्या आकड्याची करावी. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे तो नाकारता येणे कठीण आहे.

उत्तर २ – आराखडा

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि गर्दीच्या ये-जा व्यवस्थेवर काम करतो. जागा वाढवाव्यात की कमी कराव्यात, याच भागावर लिहितो.

अमेरिकन विद्यापीठांची मोठी स्टेडियम ज्या काळात उभी राहिली, त्या काळात सामना पाहायचा तर तेथे जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ चे, येलचा ‘बोल’ (म्हणजे वाटीच्या आकाराचे स्टेडियम) १९१४ चा, ओहायो स्टेट १९२२ चे आणि मिशिगन १९२७ चे. मिशिगनचे स्टेडियम बाहेरून जाणाऱ्याला एक लाखाचे वाटतच नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली खोदलेला आहे. आपण दारातून आत येतो ते एकदम वरच्या रांगांपाशी, आणि समोर ती प्रचंड वाटी उघडते. आज त्याची क्षमता १,०७,६०१ आहे. तेथे १९७५ च्या नोव्हेंबरपासून, महासाथीचे वर्ष वगळता, प्रत्येक सामन्याला एक लाखाहून अधिक उपस्थिती नोंदली गेली आहे. नेब्रास्काच्या लिंकनमध्ये १९६२ पासून एकही घरचा सामना अविक्रीत राहिलेला नाही. ही उदाहरणे डोळे दिपवणारी आहेत, आणि प्रस्ताव मांडणारे नेमकी तीच दाखवतात. पण तेथे तिकीट आजोबांकडून नातवाकडे येते; ती परंपरा नवा स्टँड बांधून मिळत नाही.

उलट दिशेने गेलेली विद्यापीठे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. स्टॅनफर्डचे जुने स्टेडियम ८५ हजारांहून जास्त जागांचे होते आणि मैदानाभोवती धावण्याचा मार्ग असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब पडत. २००५ चा हंगाम संपताच ते पाडून २००६ मध्ये सुमारे ५० हजार जागांचे नवे बांधले आणि रांगा मैदानाला भिडवल्या. नॉर्थवेस्टर्नने ४७ हजारांचे स्टेडियम पाडून ३५ हजारांचे बांधायला घेतले आणि मधल्या काळासाठी मिशिगन सरोवराच्या काठी सुमारे १२ हजारांचे तात्पुरते मैदान केले. त्या छोट्या मैदानाला जी पसंती मिळाली ती मला फार बोलकी वाटते: मागे निळे पाणी, शेवटची रांगसुद्धा खेळाडूंचे आवाज ऐकू येतील इतकी जवळ, आणि रिकामा बाक शोधून सापडत नाही.

बास्केटबॉलमध्ये हे आणखी स्पष्ट दिसते. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन हे सभागृह १९४० चे आहे आणि त्यात केवळ ९,३१४ जागा आहेत. देशातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एक तेथे खेळतो, तरी त्यांनी सभागृह बदललेले नाही. विद्यार्थी कोर्टाच्या अगदी कडेला उभे राहतात आणि त्या जागेसाठी हिवाळ्यात तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे रांग धरतात. हीच मुले वीस हजारांच्या सभागृहात वरच्या मजल्यावर ढकलली असती, तर तंबू ठोकायला कोण आले असते?

आपल्या प्रस्तावात मी तीन-चार गोष्टी बारकाईने पाहीन. मध्यंतराच्या वीस मिनिटांत स्वच्छतागृहाची रांग किती वेळात संपते. पाण्याचे नळ कोठे आहेत. सप्टेंबरमधल्या दुपारच्या सामन्यात कोणत्या बाजूला सावली येते. वीज चमकली तर लोकांनी आडोसा कोठे घ्यायचा. येथे वीज जवळ आली की खेळ थांबतो आणि दर नव्या लखलखाटानंतर तीस मिनिटे नव्याने मोजावी लागतात. तेवढा वेळ हजारो माणसांना जिन्याखाली ताटकळत उभे केले की त्यांतली बरीच जण गाडीकडे वळतात ती परत येत नाहीत. काचेच्या कक्षांचे चित्र प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर असते. या गोष्टी शेवटच्या पानांवर असतात किंवा नसतातच.

बंद कक्षांना मात्र मी सरसकट विरोध करणार नाही. थोड्या जागांतून मोठे उत्पन्न येते हे खरे आहे. पूर्वी चांगल्या जागेच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळत असे. २०१७ च्या करकायद्याने ती काढून घेतल्यापासून देणगीदाराला पैशाच्या बदल्यात प्रत्यक्ष सोय हवी असते. शिवाय २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात आणि पहिल्या वर्षाची मर्यादाच सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. हा पैसा कोठून तरी उभा करावा लागणार, आणि श्रीमंत देणगीदाराकडून तो येत असेल तर विद्यार्थ्यांवरचा भार तेवढा हलका होईल. कक्ष आणि उत्तरेकडचा नवा स्टँड हे दोन वेगळे निर्णय आहेत. प्रस्तावात ते एकत्र बांधलेले असतील, तर ते सोडवून घ्या.

उत्तर ३ – ट्रॉम्बोनवाला

मी पदवीच्या चारही वर्षांत विद्यापीठाच्या बँडमध्ये होतो, त्यामुळे एकही घरचा सामना चुकवला नाही आणि विद्यार्थ्यांचा विभाग दर सामन्याला जवळून पाहिला. (बँड सहसा त्यांच्या शेजारीच बसतो.) मध्यंतरानंतर उठून जाणाऱ्यांना आळशी म्हणण्याची पद्धत आहे, मला ती अन्यायाची वाटते. दूरचित्रवाणीच्या जाहिरातींसाठी खेळ इतक्यांदा थांबतो की साठ मिनिटांचा सामना साडेतीन तासांपर्यंत जातो. मैदानात लाल बाह्यांचा एक माणूस कडेला उभा असतो. त्याने हात खाली केल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. घरी जाहिरात तरी दिसते. बाकावर बसलेला माणूस थंडीत त्या माणसाच्या हाताकडे पाहत राहतो. आम्ही वाजवून ती पोकळी भरत असू, पण आता तेथेही भोंग्यावर मोठ्याने ध्वनिमुद्रित गाणी लावतात.

अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना थांबवण्यासाठी एक मोबाइल ॲप आणले. चौथ्या सत्रापर्यंत स्टेडियममध्ये राहणाऱ्याला गुण आणि त्या गुणांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य, अशी ती योजना होती. अलाबामासारख्या सतत जिंकणाऱ्या संघालाही हे करावे लागले, यावरून केवळ विजयाने प्रश्न सुटत नाही हे दिसते.

याच्या उलट आयोवा विद्यापीठातली एक गोष्ट सांगतो. तेथील स्टेडियमला लागून विद्यापीठाचे बालरुग्णालय आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसते. २०१७ पासून पहिले सत्र संपले की सगळे प्रेक्षक, दोन्ही संघ आणि पंचसुद्धा त्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात, आणि आजारी मुले काचेमागून हात हलवतात. मी पाहुण्या बँडबरोबर तेथे गेलो होतो. ट्रॉम्बोन डाव्या हातात धरून मी उजवा हात वर केला, तेव्हा माझ्या आजूबाजूला विरुद्ध संघाचे लोक तसेच करत होते. त्या क्षणासाठी लोक वेळेवर येऊन बसतात. उशिरा येणारा ते चुकवतो. जागेशी असे काही जोडलेले असेल तरच माणूस पडद्यासमोरून उठून येतो.

उत्तर ४ – नेटपलीकडची आई

माझी मुलगी एका विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. येथवरची सर्व चर्चा फुटबॉलभोवती फिरली आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. फुटबॉलचे घरचे सामने वर्षाला सहा किंवा सात असतात. उरलेले साडेतीनशेहून अधिक दिवस ते अवाढव्य बांधकाम बंद असते. त्याच विद्यापीठात व्हॉलीबॉल, कुस्ती, पोहणे, धावणे यांचे संघ ज्या सभागृहांत आणि तलावांत सराव करतात तेथे छप्पर गळते की नाही, हे समितीने एकदा जाऊन पाहावे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींना खेळात समान संधी देणे बंधनकारक केले आणि त्या समानतेत सरावाच्या वेळा, सामन्यांच्या वेळा, कपडे बदलण्याच्या खोल्या या सर्व गोष्टी मोजल्या जातात. २०२१ च्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत मुलांना भरगच्च व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सची एक लहानशी मांडणी दिल्याचे एका खेळाडूच्या व्हिडिओतून जगासमोर आले, तेव्हा कोठे ती व्यवस्था दोन दिवसांत बदलली. पाहणारे कोणी असेल तर बदल होतो, हे मी तेव्हापासून धरून चालले आहे.

मुलींच्या खेळाला प्रेक्षक नसतात, हे तर आता कोणी म्हणूच नये. नेब्रास्काच्या व्हॉलीबॉल संघाचे घरचे सामने २००१ पासून सलग पूर्ण विकले गेले आहेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मध्यभागी कोर्ट मांडले आणि ९२,००३ लोक आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोवाच्या महिला बास्केटबॉल संघाने फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्या आकाशाखाली सामना खेळला, त्याला ५५,६४६ प्रेक्षक होते. ही दोन्ही आयोजने कित्येक महिने आधी जाहीर झाली होती. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, कुटुंबांना परवडेल असे तिकीट, आणि मग शाळकरी मुलींच्या बसेस भरभरून आल्या. ‘तिकीटखिडकी’ यांनी जे लिहिले आहे त्याचा हा सरळ पुरावा आहे.

वेळापत्रकाचा खरा भार कोणावर पडतो, तेही सांगते. फुटबॉलच्या प्रक्षेपणाच्या पैशासाठी कॉन्फरन्स मोडून नव्या जुळवल्या गेल्या. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे मध्य-पश्चिमेच्या बिग टेनमध्ये आली, तर कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेली. फुटबॉलचा संघ हंगामात मोजक्या वेळा, शनिवारसाठी, विशेष विमानाने जातो. व्हॉलीबॉलचा संघ आठवड्याला दोन सामने खेळतो. मागच्या हंगामात माझ्या मुलीने एका सामन्यासाठी तीन प्रमाणवेळा ओलांडल्या, रात्री दीड वाजता वसतिगृहात परतली आणि सकाळी आठला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी राहिली. तिच्या बुटांच्या जोडीत विमानतळावर लिहिलेल्या टिपणांचा कागद अडकलेला मला सापडला. ती तक्रार करत नाही, मी करते. आणि बुधवारी दुपारी चार वाजता ठेवलेल्या सामन्याला आम्ही सोळा पालक टाळ्या वाजवत बसतो, तेव्हा सभागृहात त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी ऐकू येतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – कॅम्पसशेजारी

सर्वांचे मनापासून आभार. काल मी दोन गोष्टी केल्या. दारावरच्या तिकिटांच्या नोंदी लेखी मागितल्या आणि आमच्या व्हॉलीबॉलच्या सभागृहात जाऊन आलो. छप्पर गळत नाही, पण एका बाजूचा लाकडी बाक दोरी बांधून बंद केलेला आहे आणि ती दोरी जुनी दिसते.

उत्तरेकडच्या स्टँडविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. कक्षांचा प्रस्ताव वेगळा करावा, असे मी लिहिणार आहे. एक शंका राहते. वेळ जर कॉन्फरन्सच्या कराराने वाहिनीकडे गेली असेल, तर आमच्यासारखे विद्यापीठ त्यात काही बदल मागू शकते का? की समितीने त्याचा उल्लेख करणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणे ठरेल?

उत्तर – तिकीटखिडकी

करार बदलणे एका विद्यापीठाच्या हाती नाही, हे खरे. पण सगळेच दार बंद नसते. हंगामातले पहिले काही आठवडे आणि आधीच निश्चित केलेले खास सामने यांच्या वेळा वाहिन्या उन्हाळ्यापूर्वीच जाहीर करतात. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना त्या यादीत यावा, अशी विनंती विद्यापीठे करतात आणि ती अनेकदा मान्यही होते. दुसरे म्हणजे आठवड्याच्या मधल्या सामन्यांची संख्या. कॉन्फरन्सच्या बैठकीत विद्यापीठाचे अध्यक्ष बसतात आणि मतदान करतात. नोव्हेंबरमध्ये दोनऐवजी एकच घरचा सामना बुधवारी असावा, हे त्यांनी तेथे मांडायचे असते, आणि प्राध्यापकांच्या समितीचे लेखी मत सोबत असेल तर त्यांना ते मांडणे सोपे जाते. मी असताना आमच्याकडे एकदा तसे झाले होते.

पाहुण्या संघांविषयीही विचारून घ्या. मोठी विद्यापीठे लहानांना घरी खेळायला बोलावतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. २००७ मध्ये मिशिगनने ॲपालेशियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावले होते आणि ॲपालेशियनने तो सामना ३४-३२ असा जिंकला, हे सर्वांना आठवते. पण त्यामागचा व्यवहार असा की लहान विद्यापीठ पैशासाठी आपला एक घरचा शनिवार सोडून देते. आपल्या विद्यापीठाने सप्टेंबरमधले असे किती शनिवार विकले आहेत, ते पाहा. हवा चांगली असताना संघ बाहेरगावी आणि दहिवर पडू लागल्यावर घरी, असे वेळापत्रक निघाले तर तो निर्णय कोणत्याही वाहिनीने केलेला नसतो, क्रीडा विभागाने केलेला असतो.

आणि नोंदी हाती आल्या की केवळ एकूण बेरीज पाहू नका. यंत्र प्रत्येक तिकिटाची वेळ टिपते. विद्यार्थ्यांच्या दारावरची पहिल्या अर्ध्या तासाची नोंद, सामन्याचा वार आणि वेळ जाहीर झाल्याची तारीख हे तीन रकाने शेजारी शेजारी मांडा आणि मागचे तीन हंगाम घ्या. त्या बाकाच्या दोरीचे छायाचित्रही जोडा.